ओपन वॉटर कोर्स निवडताना: इन्स्ट्रक्टरचा हात सिलिंडरवरून कधी निघतो ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा: मालवणला ट्राय डाइव्ह, म्हणजे गाइडनं धरून घडवलेली पहिली स्कूबा डाइव्ह, केली, आवडली, आता ओपन वॉटर सर्टिफिकेटचं कार्ड, म्हणजे स्वतः डाइव्ह करायचा परवाना, घ्यायचं आहे. एक सेंटर अडीच दिवसांत करून देतो म्हणतं, दुसरं चार दिवस मागतं आणि पैसेही जास्त सांगतं. कार्ड दोन्हीकडे तेच. मग जास्तीचे पैसे कशाचे, आणि शिकवणं चांगलं आहे की नाही हे नवशिक्यानं ओळखायचं कसं?

कार्ड तेच मिळतं हे खरं आहे. पाडी, एसएसआय, सीमास अशा डाइव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी कोर्ससाठी जे नियम घालून दिलेत ते किमान नियम आहेत. त्याखाली जायचं नाही, एवढंच ते सांगतात. त्याच्या वर किती जायचं हे इन्स्ट्रक्टर आणि सेंटर ठरवतात, आणि सगळा फरक तिथे पडतो.

आधी ट्राय डाइव्हमध्ये काय झालं ते आठवा. गाइडनं मागून सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरला होता. बीसीडीमध्ये, म्हणजे अंगातल्या फुगणाऱ्या जाकिटात, हवा तोच भरत होता आणि तोच सोडत होता. किती खोल जायचं, हवा किती उरली, वर कधी यायचं, सगळं त्याच्या हातात. तुमच्याकडे दोनच कामं होती: श्वास चालू ठेवणं आणि कान मोकळे करणं. ट्राय डाइव्हसाठी ही पद्धत बरोबरच आहे. तिला १२ मीटरची मर्यादा आहे, आणि पाडीच्या नियमानुसार समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ४ जण.

ओपन वॉटर कार्ड याच्या अगदी उलट गोष्ट सांगतं. ते म्हणतं की हा माणूस आपल्याच पातळीच्या जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टर नसताना, जिथे शिकला तशाच किंवा त्याहून सोप्या पाण्यात १८ मीटरपर्यंत डाइव्ह करू शकतो. आयएसओ २४८०१-२ या मानकात हीच पातळी 'स्वतंत्र डाइव्हर' म्हणून आहे, तिथे मर्यादा २० मीटर. म्हणजे कोर्सच्या चौथ्या डाइव्हलाही इन्स्ट्रक्टरचा हात तुमच्या सिलिंडरवर असेल, तर ती चौथी ट्राय डाइव्ह झाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. शेवटच्या दिवशीही तोच दाबला जात असेल तर लायसन्स कशाच्या जोरावर द्यायचं? सेंटर पारखताना मी हीच एक कसोटी लावतो. बाकीचं सगळं तिच्यातून निघतं.

आता दिवसांचा हिशोब. पाडीच्या ओपन वॉटर कोर्समध्ये थिअरीचे ५ भाग, स्विमिंग पूल किंवा पूलसारख्या शांत, स्वच्छ पाण्यातली ५ सत्रं आणि समुद्रातल्या ४ डाइव्ह असतात. या ४ डाइव्ह किमान २ दिवसांत विभागाव्या लागतात, आणि एका दिवसात ३ पेक्षा जास्त करता येत नाहीत. पहिल्या दोन १२ मीटरच्या आत, पुढच्या दोन १८ मीटरच्या आत. डाइव्ह मोजण्यासाठी बराचसा वेळ ५ मीटर किंवा त्याहून खोल जायला हवा, आणि पाण्याखाली किमान २० मिनिटं काढायला हवीत किंवा १४०० लिटर हवा वापरायला हवी. थिअरी घरी ऑनलाइन पूर्ण करून आलात, पाण्याची सवय आहे आणि गटात दोघंच आहात, तर अडीच-तीन दिवसांत हे प्रामाणिकपणे बसतं. गटात सहा जण असतील तर नाही बसत. मास्क पूर्ण काढून परत घालणं हे एकच स्किल घ्या. दाखवणं, करून घेणं, चुकलं तर परत करणं यात माणशी तीन-चार मिनिटं जातात. सहा जणांची वीस मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं बाकीचे पाच जण तळाशी गुडघ्यावर थंडीत बसून असतात. अशी वीसेक स्किल्स आहेत. मग 'अडीच दिवसांत सहा जण' याचा अर्थ प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट एकदा करायला मिळणार, कशीबशी झाली की खूण होणार. म्हणून सेंटरला नुसते दिवस विचारू नका. 'माझ्या तारखांना एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण आहेत, आणि मला एखादं स्किल जमलं नाही तर काय करता?' हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला 'जमतं हो सगळ्यांना' असं उत्तर आलं तर पुढे बघा. 'आणखी एक पूल सेशन घेतो, त्याचे इतके पैसे' किंवा 'कोर्सचे दिवस वाढवतो' हे उत्तर खरं.

स्किल जमलं म्हणजे काय, हे नियमातच आहे: नवशिक्या डाइव्हरकडून अपेक्षित असेल तितक्या सहजतेनं, न घाबरता, आणि पुन्हा सांगितलं तर पुन्हा. 'पुन्हा सांगितलं तर पुन्हा' हा भाग बहुतेक घाईच्या कोर्समध्ये गळतो.

मास्कचंच उदाहरण पूर्ण बघू, कारण समुद्रात घाबरून वर पळण्याचं एक मोठं कारण नाकात गेलेलं पाणी हे असतं. चांगला इन्स्ट्रक्टर मास्क काढायला लावण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात उभं करून, मास्क न लावता, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारा भाग) तोंडात ठेवून चेहरा पाण्यात बुडवायला सांगतो. तोंडानं आत, नाकानं किंवा तोंडानं बाहेर, एक मिनिट. नाक उघडं असताना तोंडानं श्वास घेता येतो हे शरीराला इथे पटतं. मग मास्कमध्ये थोडंसं पाणी, मग अर्धा मास्क, मग पूर्ण भरलेला, मग काढून घालणं, आणि शेवटी मास्कशिवाय थोडं अंतर पोहून मग परत घालणं. मास्कमधलं पाणी काढण्याची पद्धत अशी: मास्कची वरची कड कपाळावर बोटांनी दाबा, नजर किंचित वर, आणि नाकानं एक लांब, सावकाश उच्छ्वास. चुका ठरलेल्या असतात. खालची कड दाबली तर पाणी जायला वाटच राहत नाही. डोकं आधीच मागे टाकलं तर पाणी थेट नाकपुड्यांत उतरतं. जोरात फुंकर मारली तर हवा मास्कच्या बाजूनं निसटते आणि पाणी तसंच राहतं. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मधेच नाकानं श्वास आत घेणं. प्रत्येक चुकीवर उपाय वेगळा आहे. 'रिलॅक्स, परत कर' एवढंच सांगणारा माणूस चूक कुठली हे बघत नाहीये. पूलमध्ये मास्क काढताना डोळे गच्च मिटून, श्वास रोखून, कसंबसं उरकलेला माणूस समुद्रात कुणाच्या फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्याचा, धक्का लागून मास्क सरकला की पहिल्या दहा सेकंदांत वर पळतो.

वर पळणं इतकं वाईट का? तीन मीटरवर दाब १.३ बार असतो, पृष्ठभागावर १ बार. तीन मीटरवर फुप्फुसात ५ लिटर हवा भरून श्वास रोखला आणि वर आलात तर तीच हवा साडेसहा लिटर व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. ऊती फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात जातात आणि तिथून मेंदूत. पूर्ण भरलेली छाती रोखून धरली असेल तर दीड मीटरपेक्षा कमी खोलीवरूनही हे होऊ शकतं. १८ वरून १५ मीटरवर येताना हवा जेमतेम १२ टक्के फुगते, आणि शेवटच्या तीन मीटरमध्ये ३० टक्के. 'फक्त पाच मीटर तर आहे, काय होतंय' हे वाक्य ज्या बोटीवर ऐकू येईल तिथे सावध व्हा. उथळ पाणी कमी धोक्याचं आहे हा समज, ट्राय डाइव्हच्या बाबतीत तर फारच, चुकीचा आहे. श्वास कधीही रोखायचा नाही, हा नियम ब्रीफिंगमध्ये सांगितला आणि पाण्यात लगेच तपासला गेला पाहिजे. रेग्युलेटर तोंडातून काढलेला असतानाही ओठांतून बारीक बुडबुडे सुटत असले पाहिजेत. रेग्युलेटर हरवल्यावर परत शोधण्याच्या सरावात इन्स्ट्रक्टरची नजर हातांवर कमी आणि त्या बुडबुड्यांवर जास्त असते.

याला जोडूनच वजनाचा मुद्दा आहे, आणि शिकवण्याची गुणवत्ता मला सगळ्यात स्पष्ट इथे दिसते. गुडघ्यावर बसवून शिकवायची जुनी पद्धत सोयीची असते: विद्यार्थी हलत नाहीत, रांगेत राहतात. त्यासाठी कमरेला गरजेपेक्षा तीन-चार किलो जास्त शिसं बांधलं जातं, म्हणजे माणूस तळाला चिकटून बसतो. पण हेच जादा वजन पोहताना त्रास देतं. बुडू नये म्हणून बीसीडीमध्ये जादा हवा भरावी लागते. धड वर, पाय खाली, शरीर तिरकं. प्रत्येक किकला तळातली वाळू उडते, प्रवाळावर पाय आपटतात, हवा भराभर संपते. आणि वर येताना ती जादा हवा फुगते. दहा मीटरवर बीसीडीत ४ लिटर हवा असेल तर पाच मीटरवर ती सव्वापाच लिटरच्या वर जाते. म्हणजे एक किलोहून जास्त जोर तुम्हाला वर ढकलू लागतो, त्यानं वेग वाढतो, वेगानं हवा आणखी फुगते. वजन बरोबर असेल तर दहा मीटरवर बीसीडीत लिटरभरच हवा लागते, आणि तोच फरक एक तृतीयांश लिटरचा राहतो. तो श्वासानंच आवरता येतो.

वजन बरोबर आहे का हे तपासायला दोन मिनिटं लागतात. पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, पृष्ठभागावरच, सगळं साहित्य अंगावर, बीसीडी पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखला तर पाण्याची रेघ डोळ्यांपाशी यायला हवी. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. अकरा लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारवर भरला की त्यात सुमारे २२०० लिटर हवा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास वजन असतं. ५० बारवर येईपर्यंत त्यातले सुमारे दोन किलो तुम्ही श्वासातून सोडून दिलेले असतात. म्हणून भरलेल्या सिलिंडरवर तपासणी केली असेल तर दोन किलो वाढवायचे, नाहीतर वर येताना पाच मीटरवर जो शेवटचा थांबा घेतात तिथे खाली राहता येत नाही. पूलमधून समुद्रात जाताना खारं पाणी जास्त उचलतं. माणूस आणि साहित्य मिळून शंभर किलो असेल तर साधारण अडीच किलो आणखी लागतात. हे कुणी समजावून सांगितलं, प्रत्येकाचं वेगळं तपासलं आणि लॉगबुकमध्ये, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, लिहून दिलं, तर तो इन्स्ट्रक्टर शिकवतोय. पट्टे आधीच आठ किलोंचे बांधून बोटीत पडलेले असतील आणि पन्नास किलोच्या मुलीलाही तोच पट्टा मिळत असेल, तर त्या कोर्सबद्दल आणखी काही विचारायची गरज नाही. पाडीनं २०१३ च्या सुमारास कोर्स सुधारला तेव्हापासून मध्यपाण्यात, तळ न टेकता तरंगण्यावर भर वाढला आहे. तरी गुडघे सुटलेले नाहीत. सेंटरच्या इन्स्टाग्रामवर कोर्सचे व्हिडिओ असतात ते बघा: विद्यार्थी वाळूत बसलेत की तळापासून मीटरभर वर आडवे आहेत? फोनवरच्या कुठल्याही आश्वासनापेक्षा ते जास्त सांगून जातं.

कानांबद्दल मालवणला तुम्हाला कुणी तरी सांगितलंच असेल, पण बहुधा 'दुखलं की नाक दाबा' असं. ते उशिराचं आहे. दुखायच्या आधी, पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. पहिल्या पाच मीटरमध्ये दाबाचा फरक टक्केवारीनं सगळ्यात मोठा असतो. कान अडला तर जोर लावायचा नाही. अर्धा-एक मीटर वर यायचं, मोकळा करायचा, मग परत खाली. नवशिक्यानं पाय खाली ठेवून, दोरी धरून उतरावं, म्हणजे थांबणं आणि वर सरकणं स्वतःच्या हातात राहतं. इन्स्ट्रक्टर वेळ वाचवायला सिलिंडर धरून खाली ओढत असेल तर कानाचा पडदा फाटू शकतो, थंड पाणी आत शिरलं की चक्कर येते आणि वर-खाली कळेनासं होतं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा आत अडकते.

हवा संपल्याचे सराव दोन प्रकारचे असतात. जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर, ऑक्टोपसवर, श्वास घेत दोघांनी मिळून वर येणं हा नेहमीचा मार्ग, आणि तो स्थिर बसून नव्हे तर पोहत, वर येत करून घ्यायला हवा. दुसरा, जोडीदार हाताशी नसेल तेव्हाचा: सहा ते नऊ मीटरवरून रेग्युलेटर तोंडात ठेवून, सतत 'आऽऽ' म्हणत एकाच उच्छ्वासात वर. यात इन्स्ट्रक्टर एका वेळी एकालाच घेतो. तेव्हा बाकीचे कुठे असतात, हे विचारा. त्यांच्याजवळ प्रशिक्षित सहायक हवा. समुद्रात विद्यार्थ्यांना तळाशी किंवा वर एकटं सोडून जाणं नियमात बसत नाही.

पाडीत समुद्रातल्या डाइव्हसाठी एका इन्स्ट्रक्टरमागे ८ विद्यार्थी चालतात, प्रमाणित सहायक असतील तर प्रत्येकी दोन वाढवून १२ पर्यंत. हे आकडे उत्तम परिस्थितीतले आहेत. पाणी गढूळ, प्रवाह, लाटा असतील तर संख्या कमी करायची जबाबदारी इन्स्ट्रक्टरवर असते. आपल्या किनाऱ्यावर दृश्यता तीन-चार मीटरवर आली की आठ जण एका नजरेत मावत नाहीत. रांगेतला शेवटचा माणूस दिसतच नाही. अशा पाण्यात दोन, फार तर तीन विद्यार्थी, आणि मागे एक डाइव्हमास्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या खालच्या पातळीचा प्रशिक्षित सहायक. मालवण-तारकर्ली, गोव्यातलं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, अंदमानातलं स्वराजद्वीप, इथली पाण्याची स्थिती वेगवेगळी आहे, आणि एकाच ठिकाणी आठवड्यागणिक बदलते. ज्या सेंटरमध्ये 'आज पाणी बरं नाही, उद्या बघू' असं म्हणायची पद्धत आहे तिथे शिका. तुमच्या परतीच्या तिकिटामुळे त्यांच्यावर दबाव येऊ नये म्हणून हातात एक दिवस जादा ठेवा. पूलच्या सत्रांसाठीही हेच लागू: ती सत्रं समुद्रात घ्यायची तर पाणी पूलइतकंच शांत आणि स्वच्छ हवं. गढूळ बंदरातलं कमरेएवढं पाणी ही व्याख्या पूर्ण करत नाही.

पोहण्याची चाचणी बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते. नियम आहे: २०० मीटर न थांबता पोहणं, वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालेल, किंवा मास्क, फिन्स, स्नॉर्कल लावून ३०० मीटर. आणि १० मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगणं. ट्राय डाइव्हला पोहता न येणारे चालतात म्हणून कोर्सलाही चालेल असं समजू नका. हे जमत नसेल तर दोन महिने आधी जवळच्या तरणतलावावर जा. तो खर्च कोर्सच्या खर्चापुढे काहीच नाही.

साहित्य पारखायला तंत्रज्ञ असावं लागत नाही. सिलिंडर जोडून उघडला की प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार जोरदार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर हे जाणवत नाही, दहा मीटरवर हवा कमी पडायला लागते तेव्हा कळतं. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर नको. कॉम्प्रेसरनं इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. रेग्युलेटरचं रबरी माउथपीस चिरलेलं आहे का, बीसीडी फुगवून पाच मिनिटं ठेवलं तर हवा धरतं का, सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली शेवटच्या हायड्रो टेस्टची (सिलिंडर दाब सहन करतो का याच्या चाचणीची) तारीख किती जुनी आहे, हे बघा. विद्यार्थ्यालाही डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, मिळतो का ते विचारा. इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा कॉम्प्युटर त्याची खोली मोजतो, तुमची नाही.

बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क आहे का, आणि तो कुणाला वापरता येतो, हा प्रश्न सगळ्यात सरळ आहे. डाइव्हिंगच्या अपघातात पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, आणि मग दाबकक्षाची, म्हणजे रुग्णाला जास्त दाबाखाली ठेवायच्या खोलीची, सोय असलेलं रुग्णालय. मुंबईत नौदलाचं आयएनएचएस अश्विनी आणि अंदमानात श्री विजयपुरममधलं आयएनएचएस धन्वंतरी ही यातली महत्त्वाची ठिकाणं. सेंटरकडे आणीबाणीचा आराखडा लिहिलेला असतो. मागितल्यावर दाखवायला वेळ लागायला नको. बोटीतल्या प्रवासाकडेही तितकंच लक्ष हवं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बोटीवर लाइफ जॅकेट अंगात हवं आणि माणसं क्षमतेइतकीच हवीत. पाण्याखालची तयारी कितीही चांगली असली तरी ही जबाबदारी सुटत नाही.

वैद्यकीय फॉर्म हा सही करून टाकायचा कागद नाही. बोट सुटताना तो पुढे करून 'सगळीकडे नाही लिहा' सांगितलं जात असेल तर ते नियमाचं सरळ उल्लंघन आहे. फॉर्म आधीच मागवून घ्या आणि घरी शांतपणे भरा. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुसाभोवती कधी हवा साठण्याचा त्रास (न्यूमोथोरॅक्स), गरोदरपण, यातलं काही असेल किंवा वय ४५ च्या वर असून धूम्रपान, कोलेस्टेरॉल असं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. आपल्या बऱ्याच डॉक्टरांचा डाइव्हिंगशी संबंध आलेला नसतो. फॉर्मबरोबर डॉक्टरांसाठी मार्गदर्शक टिपणही असतं, ते छापून घेऊन जा. 'दम्याचं काही होत नाही हो' असं सेंटरनं सांगणं आणि डॉक्टरांनी सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दम्यात अरुंद झालेल्या वायुमार्गामागे हवा अडकली तर वर येताना ती तिथेच फुगते.

थिअरीचं साहित्य बहुतेक इंग्रजीत असतं. तुम्हाला इंग्रजी येत असलं तरी शंका मराठीत किंवा हिंदीत मोकळेपणानं विचारता येतील असा इन्स्ट्रक्टर निवडा. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे सगळी समजूत वरच पक्की झाली पाहिजे. शेवटची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची असते, ७५ टक्के लागतात, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न नंतर समजावून सांगणं इन्स्ट्रक्टरवर बंधनकारक आहे. तसं न होता पेपर नुसता गोळा केला तर आठवण करून द्या.

इन्स्ट्रक्टरचा संस्थेतला सदस्य नंबर मागायला संकोच करू नका. पाडी, एसएसआय यांच्या संकेतस्थळावर नंबर टाकून तो इन्स्ट्रक्टर आहे की डाइव्हमास्टर, आणि सध्या शिकवायला पात्र आहे का हे बघता येतं. ओपन वॉटर कोर्स घेण्याचा आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार डाइव्हमास्टरला नसतो. बुकिंग करताना एकाचं नाव आणि पाण्यात दुसराच असं झालं तर तिथल्या तिथे विचारा. कोर्स संपल्यावर संस्थेकडून ई-मेलवर प्रश्नावली येते: पाच सत्रं झाली का, किती डाइव्ह झाल्या, किती खोल गेलात. बरेच जण ती उघडतही नाहीत. ती खरी भरा. सेंटरवर नजर ठेवण्याचं संस्थेचं तेच मुख्य साधन आहे.

पुण्या-मुंबईच्या माणसांना एक चांगला पर्याय आहे तो फारसा कुणी सुचवत नाही: थिअरी आणि पूलची पाचही सत्रं आपल्या शहरात दोन-तीन शनिवार-रविवारी करा आणि समुद्रातल्या चार डाइव्हसाठी रेफरलचा कागद, म्हणजे झालेल्या भागाची नोंद असलेलं पत्र, घेऊन मालवण, गोवा किंवा अंदमानला जा. रेफरल साधारण वर्षभर चालतो. पूलमध्ये घाई नसते, एखादं स्किल पुढच्या आठवड्यावर टाकता येतं, आणि समुद्रातले दिवस खऱ्या डाइव्हिंगला मिळतात. मात्र पूलमध्ये बसवलेलं वजन समुद्रात तसंच वापरू नका, तिथे परत तपासणी करायला लावा. नवा इन्स्ट्रक्टर पहिल्या डाइव्हआधी तुमची काही स्किल्स उथळ पाण्यात परत बघेल. त्यानं तसं केलं नाही तर तुम्हीच मागा. चारपैकी दोनच डाइव्ह झाल्या आणि हवामान बिघडलं तरी झालेल्या डाइव्हची नोंद सहीनिशी घ्या, पुढच्या खेपेला उरलेल्या पूर्ण होतात. 'दोन राहिल्यात, पण कार्ड पाठवून देतो' हे मान्य करू नका.

आणि परतीचं नियोजन कोर्स बुक करतानाच करा. सलग दिवस किंवा दिवसात अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास, एकाच डाइव्हनंतर १२ तास थांबावं असा सर्वमान्य संकेत आहे. आपल्याकडे लोक विमानाचं लक्षात ठेवतात आणि घाट विसरतात. हा संकेत ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. दुपारी १८ मीटरची डाइव्ह करून संध्याकाळी मालवणहून आंबोलीमार्गे बेळगाव किंवा गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला निघणं म्हणजे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत दाब कमी करणं. कोकण रेल्वेनं मुंबईला जायचं असेल तर ही अडचण येत नाही. घाटानं जायचं असेल तर शेवटची डाइव्ह सकाळी उरका, रात्र मालवणलाच काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १८ तास भरले की निघा.